जतन कोणाच्या मर्जीने?

नोकरीची काही वर्षे मी अभिलेखागारातील वाळवीशी झुंजण्यात घालविली. जुने ते टिकविणे हे सत्कृत्यच, याविषयी मनात कधी शंका नव्हती. झुनींची हकीकत वाचल्यावर ती प्रथम आली.

झुनी ही अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील आदिवासी जमात. दरवर्षी डिसेंबरातील सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास त्यांची हरिण व अस्वल ही कुळे जुळ्या युद्धदेवतांच्या, म्हणजे अहायुदांच्या, लाकडी मूर्ती घडवितात. त्या उघड्या देवस्थानांत ऊनपावसात ठेवल्या जातात. मूर्तीने झिजत झिजत मातीत मिळावे आणि तिचे सामर्थ्य भूमीला परत जावे, हाच त्यामागील हेतू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून संशोधक व संग्राहक त्या उचलून नेऊ लागले आणि संग्रहालयांनी त्या काचेआड जपल्या. १९७८ मध्ये झुनींच्या धर्मप्रमुखांनी डेन्व्हरच्या कलासंग्रहालयाकडे आपली देवता परत मागितली. १९८० मध्ये ती मिळाली. उघड्यावर कुजू देणार असाल तर द्यावी कशाला, हा आक्षेप मलाही एके काळी बिनतोड वाटला असता.

पण अनंत चतुर्दशीला आपल्या घरची शाडूची मूर्ती विसर्जनास निघाली असता, इतकी सुंदर कलाकृती पाण्यात जाऊ नये म्हणून कोणी ती वाटेतच काढून घेतली आणि कपाटात ठेवली, तर त्या गृहस्थाचे आपण आभार मानू काय?

झुनींचे म्हणणे असे की मूर्ती साऱ्या जमातीची. ती विकण्याचा वा देण्याचा अधिकार कोणा एकाला नाही. म्हणून देवस्थानाबाहेर गेलेली प्रत्येक मूर्ती चोरीचीच. मालकी म्हणजे खसऱ्यातील नाव, एवढेच जाणणाऱ्या माझ्यासारख्याला हे पचनी पडण्यास वेळ लागला. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने मात्र हे तत्त्व मानले. अशी वस्तू कोणा व्यक्तीला देता येत होती की नाही, हे त्या जमातीच्या दृष्टीने पाहावयाचे. २०२४ मध्ये अमलात आलेल्या नियमांनी प्रदर्शनासाठीही जमातीची पूर्वसंमती आवश्यक केली, तेव्हा न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने दोन दालने बंद केली.

उद्या एखाद्या झुनी तरुणालाच मूर्ती टिकावी असे वाटले, तर? त्याने आपल्या वडीलधाऱ्यांशी खुशाल वाद घालावा. त्या वादात संग्रहालयाला मत नाही.

परत आलेल्या मूर्ती झुनींनी बंदोबस्ताच्या आवारात ठेवल्या आहेत. चोरांना तेथे शिरता येत नाही. आवाराला छत मात्र नाही.