नुसतं उभं राहणं

६ मे २०२२, सकाळचे दहा. राजर्षी शाहू महाराजांना जाऊन त्या दिवशी शंभर वर्षं झाली आणि कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध झालं. वाहनं थांबली, चालणारे थांबले, माणसं होती तिथे उभी राहिली. भाषण नाही, घोषणा नाही. एरवी इथे आनंद काय नि राग काय, सगळं मोठ्या आवाजात. पण लोकराजाची आठवण त्या दिवशी सगळ्या शहरानं मिळून, न बोलता काढली.

इस्रायलमध्ये दरवर्षी एप्रिल-मेच्या सुमारास असा एक दिवस येतो. नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंच्या स्मरणाचा. तिथेही सकाळी दहालाच भोंगा वाजतो. दोन मिनिटं हमरस्त्यावरच्या गाड्यासुद्धा थांबतात, लोक खाली उतरून गाडीपाशी उभे राहतात. त्यांत कोकणातून तिकडे गेलेले, घरात अजून मराठी जपणारे बेने इस्रायली ज्यूही असतात. तो संहार युरोपातला. त्याची झळ अलिबाग-पेणच्या त्यांच्या गावांना लागली नव्हती; मारले गेलेले लोक वेगळ्या देशांचे, वेगळ्या भाषांचे होते. तरी हे उभे राहतात. मला हे फार मोलाचं वाटतं. बोलताना आपलं निम्मं लक्ष पुढच्या वाक्याकडे असतं. नुसतं उभं राहिलं की स्वतःचा श्वास जाणवतो, शेजारचा माणूस जाणवतो, आणि ज्याला कधी पाहिलं नाही त्याचं दुःखही थोडं आत उतरतं.

आपल्या कोल्हापुरातही, महावीर उद्यानात, पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे. सोव्हिएत राजवटीनं घरांतून उचलून सैबेरियाकडे नेलेली ही माणसं. त्यांतली पाचेक हजार, बहुतेक बायका आणि मुलं, सुटकेनंतर १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिली. त्यांची कहाणी वेगळी, पण त्याच दुसऱ्या महायुद्धातली. सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी त्या स्तंभापाशी चार श्वास थांबावं. सोबत कुणी असेल तर त्यालाही थांबवावं.

हीच सवय घरादारातही उपयोगी पडते. कुणाकडे दुःखद घटना घडली की आपण जायचं टाळतो, ते बहुधा एकाच भीतीनं: जाऊन बोलायचं काय? खरं तर तिथे आपल्या शब्दांची वाट कुणी पाहत नसतं. जुन्या बायका जायच्या, शेजारी टेकायच्या, पाठीवरून हात फिरवायच्या आणि बराच वेळ तशाच बसून राहायच्या. त्या घराला तेवढ्यानं धीर यायचा. असं एखादं घर तुमच्याकडूनही राहून गेलं असेल, तर आज कामावरून परतताना जाऊन या. घरातल्या कुणाला तरी सोबत घ्या. काही सुचलं नाही तरी चालेल, थोडा वेळ बसा.