महालाची तुलना महालाशी

२०२४ चा मे महिना. कोलोनच्या एरनफेल्ड भागातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर होणाऱ्या घराचा नकाशा पसरलेला होता. शहराच्या पश्चिम कडेला, विडर्सडॉर्फमध्ये घेतलेल्या प्लॉटवर बांधकामाचा अर्ज करायची धावपळ चालली होती. आई लातूरच्या उन्हाळ्यातून सुटका म्हणून तीन महिन्यांसाठी आली होती आणि चष्मा लावून नकाशात आपली खोली शोधत होती. नळकामाचा आराखडा करणारे गृहस्थ समजावून सांगत होते की, पाहुण्यांची बाथरूम बरेच महिने बंद राहणार असेल तर दर दोन-तीन दिवसांनी कुणीतरी तिथले नळ थोडा वेळ सोडून ठेवायला हवेत. पाइपात कोमट पाणी साचून राहिलं की त्यात लेजिओनेला नावाचे जंतू वाढतात.

मी आईसाठी भाषांतर केलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे मी तिकडं जिवंत असताना तुम्ही इकडं माझ्या नावानं पाणी सोडणार होय गं?"

आम्ही दोघी हसलो. आराखडावाल्यांना हा विनोद समजावून सांगणं मला जमलं नाही. पण ते गेल्यावर आईनं विचारलं, "तुम्ही तिघं. घर केवढं?" मी म्हटलं, "एकशे चौसष्ट चौरस मीटर." "आणि सरकार हो म्हणतंय?" "सरकार तर शाबासकी देतंय."

मी खोटं बोलत नव्हते. पण त्या शाबासकीचा नीट अर्थ लावायला मला पुढचे कित्येक आठवडे लागले.

जर्मनीत नवं घर बांधायचं तर ते किती ऊर्जा खाणार याचा हिशेब आधी द्यावा लागतो. हे आजचं नाही. १९७३ च्या तेलसंकटात इथल्या सरकारनं काही रविवारी मोटारी चालवायला बंदी केली होती. त्या धक्क्यातून १९७६ मध्ये ऊर्जाबचतीचा कायदा झाला आणि १९७७ मध्ये भिंती-छपरांतून उष्णता किती बाहेर जावी यावर पहिली मर्यादा आली. पुढे नियम कडक होत गेले, आणि २०२० च्या नोव्हेंबरपासून ते सगळे एका इमारत-ऊर्जा कायद्यात एकत्र आले. २०२४ च्या जानेवारीपासून नव्या वसाहतींतल्या नव्या घरांच्या तापवणीसाठी किमान ६५ टक्के ऊर्जा अक्षय स्रोतांतून यायला हवी असं ठरलं. आम्ही हीट पंप घेतला तो त्यामुळे. छतावर सौरपट्ट्या घालणं नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालियात २०२५ पासूनच्या अर्जांना बंधनकारक झालं, आम्ही त्या आधीच घातल्या. हवाबंदपणाची चाचणी असते: दारात पंखा बसवून आत-बाहेर ५० पास्कल दाबाचा फरक करायचा आणि फटींतून किती हवा जाते ते मोजायचं. आमच्यासारखी यांत्रिक वायुवीजन असलेली घरं तासाला घरातल्या हवेच्या दीडपटीपेक्षा जास्त गळता कामा नयेत.

हे सगळं वाचून दमछाक होते, पण मला ते आवडत होतं. त्याचं कारण आमच्या प्लॉटवरून दिसायचं. थंडीच्या सकाळी वायव्येला क्षितिजावर वाफेचे पांढरे ढग उभे असतात. ते ढग नव्हेत, नीडरआउसेमचं लिग्नाइटवर चालणारं वीजकेंद्र आहे. त्याच्या पलीकडे उघड्या खाणी. त्या कोरड्या राहाव्यात म्हणून आसपासचं भूजल वर्षानुवर्षं उपसलं गेलं, गावंच्या गावं उठवली गेली. इमराथ गावाचं मोठं चर्च जानेवारी २०१८ मध्ये पाडलं. मराठी माणसाला ही गोष्ट नवी नाही. मुंबईला वीज हवी म्हणून मुळशीच्या मावळ्यांच्या जमिनी धरणाखाली गेल्या आणि १९२१ मध्ये तिथे सत्याग्रह झाला. वीज वापरणारा एकीकडे असतो आणि किंमत मोजणारा दुसरीकडे. म्हणून घर कमी वीज खावं असं कायदा म्हणत असेल तर त्यात जाच वाटण्यासारखं काही नाही, असं माझं मत होतं. आजही आहे.

पण आईच्या प्रश्नानंतर मी आमच्या ऊर्जा सल्लागार बाईंना विचारलं, "हे घर चांगलं आहे हे तुम्ही कशाच्या तुलनेत ठरवता?" त्यांनी शांतपणे सांगितलं: संदर्भ-घराच्या. कायदा एक काल्पनिक घर कल्पितो. आकार तोच, क्षेत्रफळ तेच, दिशा तीच, फक्त भिंती-खिडक्या आणि यंत्रणा ठरावीक दर्जाच्या. त्या घराला लागणाऱ्या प्राथमिक ऊर्जेच्या ५५ टक्क्यांपेक्षा जास्त तुमच्या घराला लागू नये, ही २०२३ पासूनची अट. आमचं ४० टक्क्यांत बसत होतं, म्हणून सवलतीच्या कर्जाला पात्र.

"म्हणजे मी चारशे चौरस मीटरचं घर बांधलं तर?"

"तर त्याची तुलना चारशे चौरस मीटरच्या संदर्भ-घराशी होईल."

महालाची तुलना महालाशीच. त्यात वर असं की मोठ्या, आटोपशीर आकाराच्या घराचा बाहेरचा पृष्ठभाग त्याच्या आकारमानाच्या मानानं कमी असतो, त्यामुळे दर चौरस मीटरचा आकडा मोठ्या घराला सोपा जातो. ऊर्जा-दाखल्यावरही आकडा छापला जातो तो दर चौरस मीटरला वर्षाचा. वर्षाला ३० किलोवॉट-तासांपेक्षा कमी असेल तर सर्वांत वरची श्रेणी. आता गणित करा. २९ चा आकडा असलेलं दीडशे चौरस मीटरचं घर वर्षाला ४,३५० किलोवॉट-तास खातं आणि हिरव्या टोकाला मिरवतं. ७० चा आकडा असलेला साठ मीटरचा जुना फ्लॅट ४,२०० खातो आणि त्याची श्रेणी दोन पायऱ्या खाली. बांधकामाच्या सिमेंट-पोलादाचाही उत्सर्जनात हिशेब धरणाऱ्या कर्जयोजना आता आहेत, पण तिथली मर्यादासुद्धा दर चौरस मीटरलाच: वर्षाला २४ किलो.

पाण्याचं मीटर असं वागत नाही. ते दर चौरस मीटरला किती हे विचारत नाही, लिटर मोजतं. जर्मनीत १९९० च्या सुमारास घरगुती वापर माणशी दिवसाला १४७ लिटर होता, आता तो १२०-१३० च्या आसपास आहे. पावसाच्या पाण्याचंही तसंच. कोलोनमध्ये छपरावर, फरसबंदीवर पडलेलं पाणी गटारात सोडलं तर जितके चौरस मीटर तितकं शुल्क. शिवाय राज्याच्या पाणी कायद्यानुसार १९९६ नंतर पहिल्यांदा बांधलेल्या जागेवरचं पावसाचं पाणी शक्य तिथं जमिनीतच मुरवायचं. आमच्या अंगणात त्यासाठी एक उथळ खळगा आहे आणि संडासाच्या टाक्यांसाठी जमिनीखाली एक टाकी. या हिशेबात छप्पर मोठं तर भार मोठा, सरळ.

आणि आईचं माप? एक बादली. ते गुणोत्तर नव्हे, ती राशी आहे.

इथे सावध राहायला हवं, कारण परदेशी बसून लातूरच्या बादलीचं कौतुक करणं फार सोपं असतं. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, सगळ्या देशानं ती गाडी टीव्हीवर पाहिली. तेव्हा साठी ओलांडलेली माझी आई रात्री टँकरसाठी जागायची. घागरी उचलून उजवा खांदा कायमचा दुखावला. तिच्या त्या काटकसरीला मी साधेपणा म्हटलं तर तो तिचा अपमान होईल. ती सक्ती होती.

मग नीती कुठे आहे? आई सक्तीनं कमी वापरते, मी कायद्यानं कमी वापरते. कांटनं १७८५ च्या आपल्या नीतिग्रंथात एका दुकानदाराचं उदाहरण दिलं आहे. तो लहान मुलालाही फसवत नाही, सगळ्यांना एकच भाव लावतो, कारण त्यात धंद्याचं हित आहे. त्याचं वागणं कर्तव्याला धरून आहे, पण कर्तव्यापोटी नाही. सवलतीच्या कर्जासाठी जाड भिंती बांधणारी मी त्या दुकानदाराच्या रांगेत आरामात उभी राहते.

तरी मला त्या दुकानदाराची बाजू घ्यावीशी वाटते. मुलाला तर योग्य भावात माल मिळाला ना? नीडरआउसेमच्या वाफेला माझा हेतू कळत नाही. कायद्याचा मोठेपणाच हा की तो आपल्या चांगुलपणावर विसंबत नाही. तो नसता तर जाड भिंतीचा खर्च फक्त सज्जनांनी सोसला असता आणि शेजाऱ्यानं त्यांना वेडं ठरवलं असतं. सगळ्यांना सारखी अट असली की संयम हा मूर्खपणा उरत नाही. हवाबंदपणा, हीट पंप, पाण्याची टाकी या बाबतीत मला पुण्य नको, नियम हवा.

पण नियम जिथे संपतो तिथे एक प्रश्न उरतो आणि तो कुणी अधिकारी विचारत नाही: किती पुरे? जर्मनीत माणशी राहण्याची जागा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ३५ चौरस मीटर होती, आज ती ४७ च्या आसपास आहे. भिंती जाड होत गेल्या तशा खोल्याही वाढत गेल्या. जे दर मीटरला वाचवलं त्यातलं बरंच मीटर वाढवून परत खाल्लं. कार्यक्षमता मागता येते, मोजता येते, तिला दाखला देता येतो. पुरेसं म्हणजे किती, हे मात्र आपलं आपणच म्हणायचं असतं. कांटच्या कसोटीला उतरण्याची संधी मला या सगळ्या कागदपत्रांत फक्त तेवढ्याच एका जागी होती.

ती संधी मी थोडीशीच घेतली. नवऱ्याशी दोन आठवडे वाद झाला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं: पाहुण्याला स्वतंत्र जागा ही आपली रीत आहे, आणि आईला उद्या जिना चढवेनासा झाला तर? शेवटी आम्ही दुसरी बाथरूम काढली, छंदाची म्हणून काढलेली खोली काढली, आईची खोली तळमजल्यावर आणून लहान केली, तिच्याशेजारी सगळ्यांच्या वापराची न्हाणी. एकशे अडतीस मीटर. सल्लागार बाईंनी हिशेब पुन्हा केला आणि म्हणाल्या, "टक्क्यांत काही सुधारणा नाही. उलट किंचित मागे गेलात." त्या हसत होत्या, पण त्यांचा तक्ता खरंच तेच सांगत होता.

यात फार मोठं काही केलं असा माझा दावा नाही. तिघांना एकशे अडतीस मीटर हेही पुष्कळच. या शहरात भाड्याचं घर मिळता मिळत नाही. नवं न बांधता जुनं दुरुस्त केलं असतं तर कदाचित त्याहून बरं झालं असतं. त्या वाटेनं आम्ही गेलो नाही, हेही खरं. न बांधलेल्या सव्वीस मीटरांचा दाखला मागायला मी कुठे जाणार? तसा नमुना कुठल्याच कार्यालयात नाही, आणि नसावाही.

२०२५ च्या शरद ऋतूत आम्ही राहायला आलो. आई दिवाळीला आली. पहिल्याच दिवशी तिनं कढीला फोडणी दिली आणि घर इतकं हवाबंद की दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या कपाटातल्या स्वेटरला हिंगाचा वास. न्हाणीत गेल्यावर तिनं हाक मारली, "अगं, बादली कुठंय?" बादली नव्हती. एवढं सगळं मोजून-मापून बांधलं आणि बादलीच आणली नव्हती. संध्याकाळी जाऊन आणली, वीस लिटरची. तिनं ती हातात धरून उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "एवढी मोठी कशाला?"