पाच गुण

आमच्या माहूरमध्ये ‘समाजसेवक’ म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो नवरात्राच्या यात्रेत बॅनरवर हात जोडून उभा असलेला माणूस. शिकून, पगार घेऊन, वहीत नोंदी ठेवून हे काम करणारेही असतात, हे आमच्या मोहल्ल्याला एका मुलीमुळे कळले. उर्दू माध्यमातून दहावी, नांदेडला एम.एस.डब्ल्यू., आणि मग परत गावात. आम्ही चार मास्तर मंडळी मिळून एक छोटी संस्था चालवतो, तिच्यात तिने सात वर्षे काम केले. पगार कधी दोन-दोन महिने लांबायचा. सचिव आम्हीच, त्यामुळे हे दुसऱ्या कोणाकडून ऐकण्याची गरज नाही.

एके संध्याकाळी ती घरी आली. म्हणाली, “सर, ऑस्ट्रेलियाचा अर्ज भरतेय. संस्थेचं पत्र लागेल. कोणत्या तारखेपासून, आठवड्याला किती तास, काय काम, पगार किती.”

तो अर्ज आम्ही पाहिला. तिकडची समाजकार्यकर्त्यांची संघटना आधी पदवी तपासते. शिकताना देखरेखीखाली प्रत्यक्ष कामाचे जवळपास हजार तास झाले होते का, हे विचारते. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत चारही भागांत किमान सात लागतात. उर्दू शाळेतल्या मुलीने ते आणले, याचा आम्हाला मास्तर म्हणून अभिमान वाटला, हे कबूल केले पाहिजे. त्यानंतर गुणांचा हिशेब. किमान ६५ लागतात, पण तेवढ्याने निमंत्रण येईलच असे नाही. २५ ते ३२ वयाला ३० गुण; ३३ पूर्ण झाली की २५. निमंत्रण येईल त्या दिवशीचे वय धरतात. तिला ३३ पूर्ण व्हायला पाच महिने उरले होते.

पत्र एका पानाचे होते. आम्ही ते साडेतीन आठवडे लिहिले नाही.

कारणे होती. दहावीची परीक्षा, पेपर तपासणी, संस्थेचा शिक्का दुसऱ्याच्या कपाटात. सगळी खरी आणि सगळी बिनकामाची. मनात काय होते ते आम्हाला पक्के ठाऊक आहे. पाच गुण गेले तर कदाचित ती राहील.

यात वाईट हेतू नव्हता, असे आम्ही स्वतःला सांगत होतो. आमच्या आठवीतल्या एका मुलीची शाळा सुटली होती, निकाह ठरला होता. ही त्या घरी चार वेळा गेली. पहिल्या दोन वेळा दारातूनच परतली. तिसऱ्या वेळी मुलीच्या फूफीने आत घेतले. २००६ चा कायदा तिच्या पिशवीत होता, पण तिने तो काढला नाही. काझीसाहेबांकडे जाऊन जन्माचा दाखला दाखवला. त्यांनी निकाह पढवायला नकार दिला. ती मुलगी आज दहावीत आहे. अशा बाईला जाऊ द्यायचे?

लहानपणापासून आपण दोन प्रकारचे फर्ज शिकतो. फर्ज-ए-ऐन प्रत्येकाने स्वतः पार पाडायचे, जशी रोजची नमाज. फर्ज-ए-किफाया काही जणांनी केले की सगळ्यांची सुटका, जशी जनाजाची नमाज. पण कोणीच केले नाही तर सगळी वस्ती गुन्हेगार. आम्ही मनात एक तिसरा नियम लावला होता. आलिमांनी सांगितले आहे की, एखादे काम करू शकणारा एकच माणूस असेल तर त्याच्यावर ते ऐन होते. गावात बाजी एकच आहे. म्हणून तिने राहायचे.

युक्तिवाद चोख होता. फक्त ती एकटी कशी पडली, हे त्यात नव्हते. सात वर्षांत आम्ही तिच्या हाताखाली एकही मुलगी तयार केली नाही. काझीसाहेबांकडे आमच्यापैकी कोणी गेले असते तरी चालले असते, आमची तर त्यांच्याशी रोजची सलाम-दुआ. सगळ्यांनी हात झटकायचे, मग उरलेल्या एकीला सांगायचे की आता हे तुझ्यावर ऐन झाले! गावच्या आळसातून दुसऱ्याचा फर्ज निघत असेल, तर तो हिशेब आम्हाला वाचून दाखवायचीही लाज वाटते.

गेले दोन महिने आम्ही या विषयावर हाती लागेल ते वाचत होतो. त्यात कळले की हे काम शिकवणारी देशातली पहिली संस्था १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सुरू झाली. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट, अमेरिकेहून आलेले. गरीब अमेरिकेतही होते. आपले गरीब टाकून नागपाड्यात कशाला आलात, असे आपण त्यांना विचारत नाही. जाणाऱ्याला मात्र विचारतो. अर्थात येणारा काही देऊन जातो आणि जाणारा काही घेऊन जातो, हा फरक आहेच. तो आम्हाला नाकारता येत नाही. तिचे कौशल्य आमच्याच लोकांच्या दुःखावर घडले. पण ज्याच्यामुळे शिकलो तो मालक होत नाही. तसे असते तर आमचे विद्यार्थी आमचे कर्जदार ठरले असते.

त्या अर्जातली एक गोष्ट मात्र जिव्हारी लागली. नोव्हेंबर २०१९ पासून तिकडे एक वेगळा व्हिसा आहे. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून इतर भागात राहायला तयार असाल आणि एखाद्या राज्याने नाव सुचवले, तर वरचे १५ गुण. तीन वर्षे तिथे राहून काम केले, कमाईचे कर भरले की कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. म्हणजे त्यांचेही माहूर आहे, आणि तिथे कोणी जात नाही हे त्यांनाही माहीत आहे. ते तिथे जाणाऱ्याला गुण देतात. आम्ही सात वर्षे राहिलेलीला उशिरा पगार दिला आणि शेवटी एक पत्र अडवले.

पत्र आम्ही जुम्याच्या दिवशी लिहिले. पगाराचा आकडा लिहिताना पेन थांबले. तो परदेशातला कोणीतरी वाचणार होता. ती आली तेव्हा उशिराचे खरे कारण सांगितले. ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, मला वाटलंच होतं.” रागावली असती तर बरे झाले असते.

निमंत्रण वाढदिवसाच्या आधी येईल की नाही, हे लिहीपर्यंत कळलेले नाही. जाताना तिने एक दोनशे पानी वही आमच्या टेबलावर ठेवली. त्यात सतरा घरे आहेत, प्रत्येकापुढे पुढच्या भेटीची तारीख. दोन आमच्याच गल्लीतली आहेत. आतापर्यंत आम्ही तीन घरी गेलो. पहिल्या घरी दारातूनच परत यावे लागले.