सरवा, मजुरी आणि शेजारी

शेजाऱ्यावर स्वतःइतकंच प्रेम करावं, ही शिकवण येशूच्या नावावर जमा असली तरी ती त्याच्या कितीतरी आधीची. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या 19व्या अध्यायात ती सापडते आणि तिथली तिची सोबत पाहण्यासारखी आहे. कापणी करताना शेताच्या कडा सोडाव्यात, सरवा गरिबांना आणि परक्यांना वेचू द्यावा, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये, आंधळ्याच्या वाटेत अडथळा टाकू नये, वजनमापं खरी असावीत. शेत, मजुरी आणि तराजूच्या या गर्दीत मधेच प्रेमाची आज्ञा येते. ती मनापेक्षा हाताशी जास्त बोलते, असं मला वाटतं. तिथला शेजारी बहुधा आपल्यातलाच माणूस आहे. पण थोडं पुढे परदेशीयावरही तितकंच प्रेम करायला सांगितलं आहे. का, तर तुम्हीही एकेकाळी मिसर देशात परकेच होतात.

कुंपण कुठे घालायचं हा वाद त्यामुळे जुनाच. लूकच्या शुभवर्तमानात एक शास्त्री येशूला नेमकं तेच विचारतो: माझा शेजारी कोण? उत्तरादाखल येते शोमरोन्याची गोष्ट. यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटरचा, पण तेवढ्यात सुमारे 1,000 मीटर खाली उतरणारा, ओसाड, लुटारूंच्या सोयीचा. मारून टाकून दिलेल्या माणसाला पाहून याजक पलीकडून निघून जातो, मंदिराचा सेवक असलेला लेवीही जातो. थांबतो तो शोमरोनी. त्याच्या लोकांचं गरिज्जीम डोंगरावरचं मंदिर ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात यहुद्यांच्याच सैन्याने पाडलं होतं, यावरून यहुदी आणि शोमरोनी यांच्यातलं वैर किती मुरलेलं असेल ते समजावं. शेवटी येशू प्रश्नच फिरवतो: या तिघांत शेजाऱ्यासारखा वागला कोण?

मला या गोष्टीतला हिशेब फार आवडतो. जखमांना तेल आणि द्राक्षारस, बसायला स्वतःचं जनावर, उतारशाळेवाल्याच्या हातावर चांदीची दोन नाणी आणि जास्त खर्च झाला तर परतताना देईन असा वायदा. दुसऱ्या दिवशी तो आपल्या वाटेला लागतोसुद्धा. संसार सोडून सेवेला वाहून घे, असं त्याला कोणी सांगितलेलं नाही.

पुढे या गोष्टीचं रूपक झालं. संत ऑगस्टिनच्या लेखी जखमी माणूस म्हणजे आदाम, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे मंडळी आणि तिचा चालक म्हणजे चक्क पौल. बुद्धी दिपते, पण रस्त्यावर कण्हणारा माणूस हरवतो. गंमत अशी की याच ऑगस्टिनने दुसऱ्या ग्रंथात अगदी व्यवहाराची गोष्ट सांगितली. प्रेम सर्वांवर सारखं करायचं, पण मदत सर्वांना पुरणार नाही. म्हणून स्थळकाळाने जो जवळ आला, त्याच्याच नावाची चिठ्ठी निघाली असं समजावं.

हात मोकळे ठेवणारेही होतेच. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बेसिल याने शहराबाहेर आजारी, कुष्ठरोगी आणि वाटसरूंसाठी मोठी वसाहत उभारली. जुन्या देवांचा कैवारी सम्राट ज्युलियन तर कुरकुरलाच की हे गालीली स्वतःच्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात! विरोधकाने दिलेली यापेक्षा मोठी पावती नसेल. मात्र संस्था आली की वर्गणी भरून सुटण्याची सोयही येते, हेही खरं.

शेजाऱ्यावरच्या प्रेमाच्या या आज्ञेवर नेमका हल्ला केला मनोविश्लेषक फ्रॉइडने, 1930 मध्ये. अनोळखी माणूस माझ्या प्रेमाला पात्र कशावरून? ते माझ्या जिवलगांचं आहे. सर्वांना वाटलं तर त्यांच्यावर अन्याय होईल. प्रेम म्हणजे जिव्हाळा असं धरलं तर त्याला उत्तर देणं कठीण. पण तत्त्वज्ञ किर्केगार्डने 1847 मध्येच दुसरी वाट दाखवली होती. मित्र आपण निवडतो, शेजारी निवडत नाही. आवडीने जे होत नाही, त्यासाठीच तर आज्ञा लागते. लेवीयाच्या शेतमालकालाही सरवा वेचणारी बाई आवडायला हवी अशी अट नव्हती.

3 एप्रिल 1968 रोजी मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी यरीहोचा तोच रस्ता पुन्हा श्रोत्यांपुढे आणला. याजक आणि लेवी घाबरले असतील, असं त्यांनी सुचवलं. थांबलो तर माझं काय होईल, हा त्यांचा प्रश्न. शोमरोन्याचा प्रश्न निराळा: मी थांबलो नाही तर याचं काय होईल? किंग तिथे आले होते संपावर गेलेल्या सफाई कामगारांसाठी. त्यांची मागणी होती बरी मजुरी, सुरक्षित काम आणि संघटनेला मान्यता. दुसऱ्याच दिवशी त्यांची हत्या झाली. वर्षभरापूर्वी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी असंही म्हटलं होतं की जखमींना उचलत राहणं पुरेसं नाही, तो रस्ताच बदलायला हवा.

रस्त्याचं हे काम आपल्याकडे कायद्याने थोडंसं हाती घेतलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या 2019 मधल्या दुरुस्तीनुसार अपघातातल्या जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. बघणारे पुढे होत नाहीत ते सगळेच दगडाच्या काळजाचे म्हणून नव्हे. पोलीस ठाण्याचे खेटे आणि साक्षीचं लचांड त्यांच्या डोळ्यांपुढे असतं. याजकाची भीती, नाव तेवढं निराळं.