फतवा क्रमांक ६४

इराक आणि सीरियाचा मोठा मुलूख ताब्यात घेऊन बसलेल्या ‘इस्लामिक स्टेट’च्या संशोधन व फतवा समितीने २९ जानेवारी २०१५ रोजी एक कागद काढला. क्रमांक ६४. गुलाम केलेल्या स्त्रियांशी मालकाने कसे वागावे, याचे नियम त्यात कलमवार दिले आहेत. बाप आणि मुलगा यांनी एकाच स्त्रीचा उपभोग घेऊ नये. मायलेकी किंवा सख्ख्या बहिणी एकाच्याच मालकीच्या असतील तर त्यांतल्या एकीशीच संबंध ठेवावा. अशी ही कलमे. काही ‘बांधवां’कडून या बाबतीत नियमभंग होत असल्याचे आढळले आहे, अशी कबुलीही त्यात आहे. मे २०१५ मध्ये अमेरिकी सैन्याच्या विशेष तुकडीने पूर्व सीरियात छापा घालून जी कागदपत्रे उचलली, त्यांत हा फतवा होता. वर्षअखेरीस रॉयटर्सने तो जगासमोर आणला.

गळे चिरण्याच्या चित्रफितींची चर्चा जगभर झाली. मला त्यांच्याहून हा कागद भयंकर वाटतो. चित्रफीत पाहणाऱ्याला घाबरवण्यासाठी केलेली असते. हा कागद घरातल्या वापरासाठी होता. बलात्कार करावा की नाही हा प्रश्न तो लिहिणाऱ्यासमोर उरलेलाच नव्हता; कोणत्या क्रमाने आणि कोणत्या मर्यादेत, एवढेच ठरवायचे होते.

उरला नव्हता, कारण तो आधीच निकालात काढला गेला होता. ३ ऑगस्ट २०१४ रोजी उत्तर इराकमधल्या सिंजारवर हल्ला झाला, तिथल्या यझिदी या अल्पसंख्य धर्मसमुदायातल्या पुरुषांची कत्तल झाली, बायकामुले पळवली गेली. दोन महिन्यांनी संघटनेच्या ‘दाबिक’ या इंग्रजी मासिकाच्या चौथ्या अंकात गुलामगिरीचे समर्थन करणारा लेख आला. त्यात म्हटले होते की सिंजार घेण्याआधीच शरियतच्या विद्यार्थ्यांना अभ्यास करायला सांगितले होते: यझिदी हे धर्म सोडून गेलेले मुसलमान मानायचे की मुळातलेच मूर्तिपूजक? पहिले उत्तर दिले तर त्यांच्या स्त्रियांना गुलाम करण्याची वाट अडते, दुसरे दिले तर मोकळी होते. उत्तर दुसरे आले. शास्त्रार्थ हा मोहिमेच्या तयारीचाच भाग होता, हे त्यांनी स्वतः छापून ठेवले आहे.

आपल्याकडे हा विषय निघाला की दोन मते तयारच असतात. याचा धर्माशी काडीचा संबंध नाही, हे एक. हाच खरा धर्म, हे दुसरे. दोन्हींची सोय अशी की काही वाचावे लागत नाही. पहिले मत फतवा क्रमांक ६४ समोर टिकत नाही. त्यातले शब्द आणि वर्गवारी जुन्या फिक्हच्या, म्हणजे इस्लामी न्यायशास्त्राच्या, पोथ्यांतूनच आलेली आहे. दुसरे मत सप्टेंबर २०१४ च्या एका पत्रासमोर टिकत नाही. जगभरच्या सव्वाशेच्या आसपास मुस्लिम विद्वानांनी संघटनेचा प्रमुख अबू बक्र अल-बगदादी याला उद्देशून ते लिहिले आणि त्याच परंपरेच्या परिभाषेत त्याचे दावे खोडले. गुलामगिरी बंद करण्यावर मुसलमानांचे शतकभर एकमत झालेले आहे, ते मोडून ती पुन्हा आणणे निषिद्ध आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. पुढच्या वर्षी मुंबईतून पुढाकार घेऊन हजाराहून अधिक भारतीय उलेमांच्या सह्यांचा फतवा याच संघटनेविरुद्ध निघाला. आपल्या शेजारी घडलेली ही गोष्ट. तिची आठवण मराठी वर्तमानपत्रांनी फार दिवस ठेवली नाही, याचे मला वाईट वाटते.

म्हणजे ग्रंथ तेच, परंपरा तीच, आणि निष्कर्ष मात्र एकमेकांच्या विरुद्ध. अशा वेळी ग्रंथात काय आहे एवढेच विचारून भागत नाही. निवड कोणी केली, कोणत्या दिवशी केली आणि त्या दिवशी त्याला कशाची गरज होती, हे विचारावे लागते.

जॉर्डनच्या वैमानिकाचे उदाहरण घ्या. २४ डिसेंबर २०१४ रोजी सीरियातल्या रक्काजवळ विमान पडून तो संघटनेच्या हाती लागला. ३ फेब्रुवारी २०१५ रोजी त्याला पिंजऱ्यात जिवंत जाळल्याची चित्रफीत आली आणि त्याच सुमारास तसे करणे वैध असल्याचा फतवाही फिरू लागला. आगीने शिक्षा देण्याचा अधिकार फक्त ईश्वराचा, असा हदीस आहे आणि तो साध्या मुसलमानालाही ठाऊक असतो. तो बाजूला सारण्यासाठी ‘जशास तसे’ या तत्त्वाचा आधार घेतला गेला: विमानातून बाँब टाकून त्याने लोकांना जाळले, म्हणून त्याला जाळायचे. अबू मुहम्मद अल-मकदिसी हा जिहादी विचारांच्या वर्तुळातला मोठा पंडित, या संघटनेचा मूळ संस्थापक झरकावी याचा एकेकाळचा गुरू. या वैमानिकाच्या सुटकेसाठी तो वाटाघाटी करत होता. त्यानेही जॉर्डनच्या दूरचित्रवाणीवर या जाळण्याचा निषेध केला. फतवा त्याच्या परंपरेतूनच निघाला होता, आणि तरी त्याला तो मान्य नव्हता.

याहून बोलका प्रसंग २०१७ चा आहे. एखाद्याला काफिर ठरवणे म्हणजे तकफीर. पण जो काफिराला काफिर म्हणत नाही तो स्वतः काफिर होतो का? आणि त्याला काफिर न म्हणणारा? ही साखळी कुठे थांबायची, यावर या राज्याचे पंडित आपसांत भांडत होते. कडव्या गटातल्या काहींना संघटनेने आधी मारूनही टाकले होते. १७ मे २०१७ रोजी सर्वोच्च समितीने परिपत्रक काढून कडव्यांच्या बाजूला झुकता कौल दिला. संघटनेचा नावाजलेला धर्मपंडित, बहरीनचा तुर्की अल-बिनअली, याने दोन दिवसांतच लेखी हरकत घेतली. महिनाअखेरीस तो पूर्व सीरियातल्या मायादीनमध्ये हवाई हल्ल्यात मारला गेला. सप्टेंबरमध्ये गटांचे पारडे फिरले आणि परिपत्रक मागे घेण्यात आले. चार महिन्यांत ईश्वरी सत्य दोनदा बदलले. तेवढ्यात इराकमधले मोसूल हातचे गेले होते आणि रक्काही जाण्याच्या बेतात होते.

कोल बन्झेलसारख्या अभ्यासकांनी ही अंतर्गत पत्रे तारखेनुसार लावून दाखवली नसती, तर हे भांडण आपल्याला कळलेच नसते. आयमन जवाद अत्-तमीमी यांनी या राज्याच्या कारभाराची कागदपत्रे वर्षानुवर्षे जमवली आणि भाषांतरे करून खुली केली: शाळांचे वेळापत्रक, भाडेपावत्या, मासेमारीवरचे निर्बंध, धान्याच्या जकातीचे हिशेब. मोसूलमध्ये इतिहासकार उमर मुहम्मद नाव लपवून ‘मोसूल आय’ या नावाने रोजची नोंद ठेवत राहिले. पकडले गेले असते तर मृत्यू ठरलेला होता. त्यांनी स्वतःचे नाव उघड केले ते डिसेंबर २०१७ मध्ये, शहर मुक्त झाल्यावर.

या कंटाळवाण्या कागदांतून दिसते ते असे की कारभार बराचसा जुन्याच यंत्रणेवर चालला होता. खात्यांना ‘दिवाण’ असे नाव दिले, पण खुर्च्यांवर बरेचसे जुनेच नोकर होते आणि त्यांचे पगार २०१५ च्या मध्यापर्यंत बगदादचे सरकारच देत होते. जुन्या शास्त्राप्रमाणे पावसावरच्या पिकाचा दहावा आणि पाटपाण्याच्या पिकाचा विसावा हिस्सा जकात म्हणून घेतला जाई. रक्कात फेब्रुवारी २०१४ मध्ये ख्रिस्ती लोकांवर जिझिया लावला. श्रीमंताला चार सोन्याचे दिनार, मध्यमाला त्याच्या निम्मे, गरिबाला त्याच्याही निम्मे. शहरातले बहुतेक ख्रिस्ती तोवर निघून गेले होते. त्या करातून तिजोरीत फार काही पडणार नव्हते. खिलाफत कशी दिसली पाहिजे, याच्या चित्रातली एक जागा तेवढी भरली गेली.

हे चित्र रंगवण्यावर त्यांनी अफाट मेहनत घेतली. चार्ली विंटर या अभ्यासकाने २०१५ च्या उन्हाळ्यातल्या एका हिजरी महिन्याचा प्रचार गोळा केला. १,१४६ वेगवेगळे तुकडे निघाले. निम्म्याहून अधिक तुकड्यांत शेती, बाजार, दवाखाने, नमाज, रस्तादुरुस्ती असे सुखी नागरी जीवन होते. उघड क्रौर्याचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता. बाहेरच्या जगाने ते दोन टक्केच पाहिले. भरती होणाऱ्या तरुणांसमोर मात्र उरलेले सगळेही होते. मे २०१४ मध्ये कल्याणहून चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्यातून इराकला गेले, तेव्हा खिलाफतीची घोषणा व्हायची होती. चौघांपैकी एक नोव्हेंबरमध्ये परतला आणि अटकेत गेला. अशा मुलांना केवळ रक्ताची ओढ होती असे समजणे म्हणजे प्रचार समजूनच न घेणे. त्यांना न्यायाच्या, आपलेपणाच्या, महत्त्वाचे कोणी होण्याच्या गोष्टी सांगितल्या जात होत्या. फतवा क्रमांक ६४ त्या गोष्टींच्या मागच्या खोलीत होता.

म्हणून हे साहित्य वाचले पाहिजे, आणि वाचणाऱ्यांवर संशय घेणे थांबवले पाहिजे. धोका आहे, हे खरे. मूळ प्रचार जसाच्या तसा उपलब्ध ठेवला तर तो पुन्हा पसरतो. ‘जिहादॉलॉजी’ हे ॲरन झेलिन यांचे संग्रहस्थळ म्हणूनच २०१९ पासून त्यातले बरेचसे साहित्य नोंदणी केलेल्यांपुरते ठेवू लागले. दुसरा धोका मला अधिक गंभीर वाटतो. कागदांवर माणसांची नावे असतात. भाडे भरणारा दुकानदार, जकात देणारा शेतकरी यांना उद्या कोणीही ‘तू त्यांचा होतास’ म्हणेल. मोसूलच्या आसपासचे हजारो कागद एका अमेरिकी वर्तमानपत्राच्या वार्ताहराने उचलून देशाबाहेर नेले, तेव्हा इराकी अभ्यासकांनी केलेला विरोध रास्त होता. मूळ प्रती नंतर इराकी दूतावासाच्या स्वाधीन झाल्या. पण आपल्या दुःखाचे दस्तऐवज आपल्याला विचारून हलवावेत, एवढी अपेक्षा त्या लोकांनी करायची नाही का?

३० नोव्हेंबर २०२१ रोजी फ्रँकफर्टच्या न्यायालयाने या संघटनेच्या एका सदस्याला यझिदींच्या वंशसंहाराबद्दल जन्मठेप दिली. गुलाम म्हणून विकत घेतलेल्या पाच वर्षांच्या मुलीला त्याने उन्हात बांधून ठेवले होते आणि ती तहानेने मेली. यझिदींवरचा अत्याचार हा वंशसंहार आहे, असे ठरवून दिलेली ही कोणत्याही न्यायालयातली पहिली शिक्षा. मुलीच्या आईने साक्ष दिली. वंशसंहारात हेतू सिद्ध करावा लागतो, आणि हेतू कळतो तो अशाच फतव्यांतून, परिपत्रकांतून, मासिकातल्या त्या लेखातून. स्वतःला निर्दोष ठरवण्यासाठी त्यांनी जे लिहून ठेवले, तेच त्यांच्याविरुद्ध उभे राहते.

पुरावे गोळा करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी इराकमध्ये नेमलेले तपासपथक सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाले. सिंजारमधून सहा हजारांहून अधिक यझिदी पळवले गेले होते. त्यांतल्या अडीच हजारांहून अधिक जणांचा शोध अजून लागलेला नाही. त्यांच्या नातेवाइकांना हे कागद पाहण्याचा पहिला हक्क आहे. तो त्यांना मिळाला पाहिजे, आणि त्यांच्या हयातीत मिळाला पाहिजे.