बखर आणि कागद

श्रावणातली गोष्ट. माझा पुतण्या जळगावातल्या आमच्या घरी बसून संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. एका व्यापाऱ्याच्या गोदामातून केळीच्या मालाचे वजन दूरच्या कचेरीला कळवायचे, असे काम त्याच्याकडे आले होते. दोन दिवस त्याचा निरोप परत येत होता. उत्तर एकच : ४००. ‘तुमची विनंतीच सदोष आहे’ असा त्या आकड्याचा अर्थ. पुतण्या चिडून म्हणे, “काका, माझं सगळं बरोबर आहे. त्यांनाच वाचता येत नाही!”

हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचे आहे. नापास झालेली मुले तेच म्हणतात, आणि हस्तलिखित साभार परत आले की मीही तेच म्हणतो!

तिसऱ्या दिवशी त्याने आपल्याच संगणकावर, निरोपाच्या वाटेवर, एक तपासनीस बसवला. ‘प्रॉक्सी’ त्याचे नाव. जाणारा निरोप क्षणभर अडवून तो जसाच्या तसा दाखवतो. एरवी हे निरोप बंद लखोट्यातून जातात. पण आपल्या यंत्राला आपणच परवानगी दिली, तर आपला लखोटा त्याला उघडता येतो. मी डोकावून पाहिले. ते चक्क पत्रच होते! वर पत्ता, त्याखाली मायन्यासारख्या ओळी – पाठवणारा कोण, मजकूर कोणत्या प्रकारचा – मग एक कोरी ओळ आणि शेवटी मजकूर. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत ज्या वेबची कल्पना मांडली, त्याची एचटीटीपी ही पत्रलेखनाची रीतच म्हणायची.

मजकुरात वजन होते ‘२४८’. मराठी आकड्यांत! गोदामातला कारकून मराठी कळफलक वापरी. पलीकडच्या यंत्राला इंग्रजी आकडेच हवे होते. पुतण्याने स्वतः करून पाहताना नेहमी इंग्रजी आकडे घातलेले.

“दोन दिवस मी माझा प्रोग्रॅमच वाचत बसलो,” तो ओशाळून म्हणाला. “बाहेर काय गेलं, ते पाहिलंच नाही.”

त्या रात्री मला झोप लागेना. इतिहासाचार्य राजवाडे आमच्या खानदेशातच, धुळ्याला, १९२६ साली वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तिथे आहे. गावोगाव हिंडून त्यांनी जुनी दप्तरे धुंडाळली, ती बखरीपेक्षा अस्सल पत्राची साक्ष मोठी म्हणून. बखर मागाहून, आठवणीने लिहिलेली. पत्र त्या दिवशीचे. माझ्याजवळही एका पत्राची अशीच बखर होती.

२००९ साली शेताच्या वाटणीवरून धुळ्याच्या दादाशी माझे बिनसले. मी त्याला पत्र लिहिले. ते क्षमेचे पत्र होते, अशी माझी पक्की आठवण. त्याचे उत्तर आले नाही. मी मनात अढी धरली, आणि ती सुटण्यापूर्वीच दादा गेला. त्याची ट्रंक तीन वर्षे माझ्या माळ्यावर होती. तिच्यात पत्रांचा जुडगा होता, तो मी कधी सोडला नव्हता. दुसऱ्याची पत्रे वाचू नयेत, हे मी मुलांना शिकवतो. त्या रात्री तो सोडला. पण माझ्या अक्षरातले तेवढेच पत्र बाहेर काढले.

दीड पान हिशेब होता. विहिरीचा खर्च, बांधाचे झाड, तलाठ्याकडची फेरी. शेवटी एकच ओळ : ‘यात काही चुकले असल्यास कळवावे.’ तीच माझी क्षमा! मनात मी रडलो होतो. कागदावर त्याचा थेंबही नव्हता. दादाला हिशेब पोचला. त्यात चूक नव्हती, म्हणून त्याने कळवले नाही.

आपला हेतू आपल्याला इतका स्पष्ट दिसतो, की तो शब्दांबरोबर गेलाच असे आपण धरून चालतो. समोरच्याला मात्र तेवढा कागद मिळतो. मग दोष कोणाचा, हे कागद पाहिल्याशिवाय कसे ठरवावे? दुसऱ्याचा लखोटा उघडणे पाप खरे. पण आपलाच उघडून न पाहता दुसऱ्याला निष्ठुर ठरवणे, हे काय पुण्य?

पुतण्याने आकडे बदलले, निरोप पुन्हा धाडला, आणि २०० असे उत्तर आले. म्हणजे सारे ठीक. यंत्राला पुन्हा धाडता येते. दादाला येत नाही.

ते पत्र मी पुतण्याला वाचायला दिले. त्याने घडी घालून परत केले आणि हळूच म्हणाला, “बाबांनी जपून मात्र ठेवलं होतं, काका.”