चाकरी आणि शुश्रूषा

आपल्या कोकणीत, आणि गोमंतकीय घरांत बोलल्या जाणाऱ्या मराठीत, ‘चाकरी’ हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. वेतन घेऊन दुसऱ्याचे काम करणे ही चाकरी. आणि अंथरुणास खिळलेल्या आईची वर्षानुवर्षे उस्तवार करणे हीही चाकरीच. ‘तिने सासूची चाकरी केली’ असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात वेतनाचा विचार नसतो; ‘त्याला मुंबईस चाकरी लागली’ असे म्हणताना वेतनावाचून दुसरा विचार नसतो. देवळातही हाच शब्द चालत आला. वाजप करणारा, दिवटी धरणारा, पालखीला खांदा देणारा, ह्या सर्वांचे काम ती देवाची चाकरी. आणि तिच्याबद्दल त्यांस देवस्थानच्या जमिनी लावून दिलेल्या असत. मोबदला आणि भक्ती ह्यांच्यामध्ये आपल्या पूर्वजांच्या भाषेने भिंत घातलेली नव्हती. ती आपण अलीकडे घातली, आणि आता वृद्ध आईबापांचा प्रश्न उभा राहताच तिच्यावरच आपले कपाळ आपटू लागले आहे.

प्रश्न साधा आहे. वृद्ध मातापित्यांची सेवा वेतन देऊन दुसऱ्याकडून करविली, तर ती मुलांची सेवा ठरते काय? की पैसे देऊन विकत घेतलेली ती एक सोय, आणि कर्तव्य तेवढे जागच्या जागीच राहिले? हा प्रश्न आता अपवादात्मक राहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्या लोकांचे प्रमाण साऱ्या देशात शेकडा ८.६ होते, तर गोव्यात ११.२, केरळच्या खालोखाल हे सर्वांत जास्त. फोंडे महालातील कोणत्याही जुन्या गावी जा. चौकाचे मोठे घर, तुळशीवृंदावन, माडांची बाग, आणि आत एक वृद्ध जोडपे. मुले पुण्याला, बंगळुरास, आखातात किंवा त्याहून दूर. दोघांपैकी एक पडले की ब्युरोला दूरध्वनी जातो, आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन एक अनोळखी बाई दारात उभी राहते.

ती काय करते, हे तिला बोलाविणाऱ्यांस पुष्कळदा नीटसे ठाऊक नसते. बारा तासांची किंवा अहोरात्रीची तिची पाळी. न्हाऊ घालणे, कपडे बदलणे, मलमूत्र काढणे. शय्याव्रण होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणे. घास श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून उठवून बसवून, एकेक चमचा गिळला गेल्याची खात्री करून भरविणे. रात्री खाटेशेजारी जमिनीवर निजणे आणि हाक येताच उठणे. तिला सरसकट ‘नर्स’ म्हणतात, ती पुष्कळदा नर्स नसते. परिचारिकेचे शिक्षण घेऊन परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेली ती नर्स, ही मदतनीस. इंजेक्शन देणे हे हिचे काम नव्हे, आणि तसे करावयास लावणे हा हिच्यावरही अन्याय आणि रुग्णावरही. पण हा भेद जाणून करार करणारी घरे थोडी.

ह्या व्यवस्थेविषयी आपल्या समाजात जो नापसंतीचा सूर निघतो, तो मला पुरता प्रामाणिक वाटत नाही. ‘पूर्वी असे नव्हते, घरचीच माणसे करीत’, असे आपण म्हणतो. घरची म्हणजे कोण? मुलगा सकाळी आईच्या पायांवर डोके ठेवून पेढीवर जात असे. आईची धोतरे आणि लुगडी पिळणारी, रात्री तीनदा उठणारी होती ती सून. किंवा बालपणी विधवा होऊन माहेरी परतलेली आत्या, जिला त्या घरात दोन वेळच्या अन्नापलीकडे हक्क नव्हता. मुलाला लोक श्रावण म्हणत. पुंडलिकाची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे; आईबापांची सेवा चालली असता साक्षात परब्रह्मास त्याने विटेवर थांबविले. परंतु त्या कथेत त्याच्या पत्नीचा उल्लेख येतो तो तो वाट चुकलेला असतानाच्या भागात. विटेच्या प्रसंगी ती कोठे असते, ह्याचा पत्ता कीर्तनकार देत नाहीत. मला वाटते, ती चुलीपाशी असावी.

यज्ञशास्त्रात सत्र म्हणून एक प्रकार आहे. इतर यज्ञांत यजमान एक आणि ऋत्विज दक्षिणा घेऊन काम करणारे. सत्रात मात्र सतरा ते चोवीस जण एकत्र बसतात, सगळेच ऋत्विज आणि सगळेच यजमान. दक्षिणा नाही, फळ सर्वांचे. आपले एकत्र कुटुंब हे असे सत्र होते असा आपला समज. वस्तुतः त्यात घरच्या स्त्रियांकडे काम ऋत्विजांचे होते. त्यांना दक्षिणाही नव्हती आणि फळातला वाटाही नव्हता. आज त्या कामाला वेतन मिळू लागले ह्यात काही पवित्र भंगले असे मी मानीत नाही. जे होते त्याला प्रथमच किंमत लागली, एवढेच.

तरीही मूळ प्रश्न सुटत नाही. दुसऱ्याकडून करविलेले कर्तव्य हे आपले कर्तव्य असते काय? येथे माझ्या धंद्यातील पुस्तकाकडे वळतो. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे ४० वे कलम म्हणते की, दिलेले वचन वचन देणाऱ्याने जातीने पुरे करावे असा उभयतांचा हेतू असेल तर ते त्यानेच पुरे केले पाहिजे. एरवी तो लायक अशा दुसऱ्या माणसाकडून ते पुरे करवू शकतो. कलमाखाली दोन उदाहरणे आहेत. पैसे देण्याचे वचन असेल तर पैसे स्वतः द्या किंवा कोणाच्या हाती पाठवा. चित्र काढून देण्याचे वचन असेल, तर ते चित्रकारानेच काढले पाहिजे. आता सांगा, आईची सेवा पैसे पोचविण्याच्या जातीची की चित्र काढण्याच्या?

मीमांसकांना हाच प्रश्न यज्ञाबद्दल पडला होता, आणि जैमिनीच्या तिसऱ्या अध्यायात त्याचा ऊहापोह आहे. फळ यजमानाला मिळावयाचे, तर सर्व कर्म त्याने स्वतः केले पाहिजे, हा पूर्वपक्ष. सिद्धान्त असा की, सर्व स्वतः करणे आवश्यक नाही. ऋत्विजांना दक्षिणा देऊन कामास लावण्याचे शास्त्रानेच सांगितले आहे, आणि दक्षिणा ही त्या श्रमाचा मोबदला होय. देवळात आपण आजही हेच करतो. अभिषेक भटजी करतात, पाणी त्यांच्या हातून पडते. संकल्पात गोत्र आणि नाव आपले असते. ह्यात कोणाला खोटेपणा दिसत नाही. पण सिद्धान्ताची दुसरी बाजू आपण विसरतो. काही गोष्टी यजमानाकडेच राहतात, त्या ऋत्विजाच्या गळ्यात घालता येत नाहीत. ऋत्विज निवडणे व त्यांना दक्षिणा देणे हे त्याचे काम. उपवासादी तप त्याचे. आणि सर्वांत मुख्य म्हणजे त्याग. ‘हे आता माझे नव्हे’ असे म्हणून द्रव्यावरील आपला हक्क सोडणे. ज्याचा हक्क त्यानेच तो सोडावयाचा. दुसरा तो कसा सोडणार?

ही विभागणी आईबापांच्या बाबतीत मला फार उपयोगी वाटते. स्नान, औषध, कूस बदलणे ही कामे दुसऱ्या हातांकडे जाऊ शकतात. किंबहुना कित्येकदा ती जावीतच. आयुष्यभर ताठ मानेने वावरलेल्या बापाला मुलाने आपली नग्नता पाहणे असह्य होते. परक्या पण सराईत हाताखाली त्याला संकोच कमी वाटतो. त्याला काय हवे हे आपण सहसा विचारीतच नाही. ही कामे सोपविली म्हणून मुलगा कर्तव्यच्युत होत नाही. परंतु तप आणि त्याग? स्वतःच्या वेळेवरील, रजेवरील, झोपेवरील, आपल्या ठरलेल्या बेतांवरील हक्क सोडणे. हे कोणत्या ब्युरोकडून मागवावे? आणि योग्य माणूस निवडणे, तिचे काम पाहणे, तिला वेळेवर वेतन देणे, हेही यजमानाचेच. ‘ब्युरोने पाठविली, आम्हांस काय ठाऊक’ हे उत्तर शास्त्रात बसत नाही.

‘शुश्रूषा’ ह्या शब्दाची व्युत्पत्तीही येथे पाहण्यासारखी आहे. श्रु म्हणजे ऐकणे; त्याच्या इच्छार्थक रूपापासून हा शब्द झाला. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. पाय चेपणे, औषध देणे हे अर्थ मागाहून आले. वृद्ध माणूस तीच गोष्ट चारदा सांगते: कुळागरातील पाण्याच्या पाळीवरून झालेले भांडण, मुक्तीच्या वर्षीची, म्हणजे १९६१ च्या डिसेंबरातली रात्र, कोणाच्या लग्नात कोणी मानाचा विडा घेतला नाही. मदतनीस ती गोष्ट ऐकते, आणि पुष्कळ मायेनेही ऐकते. पण त्या गोष्टीतील माणसे तिची नव्हेत. परप्रांतातून आलेली असेल तर भाषाही तिची नव्हे. आईला जे ऐकविण्याची ओढ आहे, ते ऐकणारा कान तिनेच जन्माला घातलेला आहे.

कायद्याचे हात येथवर पोचत नाहीत. पोर्तुगीज अमदानीतल्या १८६७ च्या नागरी संहितेने पूर्वज आणि वंशज ह्यांना परस्परांच्या पोषणास बांधले; अन्न, निवारा, वस्त्र. संसदेच्या २००७ च्या अधिनियमाने त्यात औषधोपचार घातला, न्यायाधिकरण दिले, आणि मासिक निर्वाहाची कमाल मर्यादा दहा हजार रुपये ठरविली. एवढ्यात अहोरात्रीची मदतनीस मिळणे कठीण. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने विवाहित मुलीवरही आईबापांच्या निर्वाहाची जबाबदारी असल्याचा निर्णय दिला, तो न्याय्यच. घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी करविण्याची तरतूद असलेले विधेयक २०१९ च्या डिसेंबरात लोकसभेत मांडले गेले. ते संमत झाले नाही आणि २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित होताच व्यपगत झाले. पण उद्या ते संमत झाले, तरी न्यायाधिकरण फार तर पैसे देण्याचा हुकूम करील. पलंगाच्या कडेशी बसण्याचा हुकूम करता येत नाही.

ह्याचे कडू रूप वकिलांना इन्व्हेंटरीच्या वेळी दिसते. आई वारल्यावर वाटणीस बसलेल्या भावंडांपैकी एक जण दरमहा ब्युरोस पाठविलेल्या रकमांच्या पावत्या, तारीखवार लावून, माझ्या मेजावर ठेवतो. सगळ्या खऱ्या असतात. धाकटी बहीण काही ठेवीत नाही. ती दर सोमवारी तांबडीची बस धरून येत असे आणि तिन्हीसांजेला परत जात असे, ह्याची पावती कोणी देत नाही. कायद्याने दोघांचा वाटा सारखा, आणि तो तसाच असावा; सेवेचा हिशेब मालमत्तेत मिसळू लागलो तर प्रत्येक घरात आजारी माणसाच्या उशाशी वही उघडली जाईल. तरी त्या पावत्यांचा गठ्ठा पाहताना मला राहून राहून वाटते की ह्या गृहस्थाने दक्षिणा चोख दिली, आणि दक्षिणा म्हणजेच यज्ञ असे समजून चालला.

आणि ज्यांना दक्षिणा दिली त्यांचे काय? गृह्यसूत्रांत ऋत्विज हा मधुपर्काने पूजावयाच्या पाहुण्यांपैकी एक आहे. मोबदला घेतो म्हणून तो हलका ठरत नाही. आपल्या घरातील ह्या ऋत्विजेस आपण काय देतो? वेगळा पेला, मागल्या दाराची वाट, आणि रात्री काही हरवले की प्रथम तिच्या पिशवीची झडती. देवाची चाकरी करणाऱ्या काही घराण्यांस आपण शतकानुशतके कमी लेखले; देव त्यांच्या हातच्या दिवटीने उजळला आणि त्यांची पंगत मात्र निराळी बसली. तीच सवय आता आईच्या खोलीत शिरली आहे. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी अधिनियमाने खाजगी घर हेही घरकामगार स्त्रीचे कामाचे ठिकाण मानले, हे किती घरमालकांस ठाऊक आहे?

म्हणून ब्युरोमार्फत माणूस ठेवू इच्छिणाऱ्या अशिलांस मी लेखी करार करावयास सांगतो. कामे कोणती आणि कोणती नव्हेत, रात्री सलग झोप किती, आठवड्याची सुटी, ब्युरोचा हिस्सा किती आणि तिच्या हाती किती. येथवर सहसा कोणी हरकत घेत नाही. हरकत निघते ती शेवटच्या कलमाला. त्यात मी वर्षातून पंधरा दिवस तिला गावी जाण्याची भरपगारी रजा लिहितो, कारण तिलाही कोठे तरी म्हातारी आई असते आणि तिच्यापाशी बहुधा कोणीच ठेवलेले नसते. ‘मग ते पंधरा दिवस आमच्या आईजवळ कोण बसणार?’ असे अशील विचारतात. तुम्ही बसा, असे मी म्हणतो. गेल्या आठवड्यात असाच एक मसुदा परत आला. पंधराचे सात केले होते आणि ‘बदली माणूस ब्युरोने द्यावा’ अशी ओळ शाईने घातली होती. मी सात खोडून पुन्हा पंधरा लिहिले आणि ती ओळ काढून टाकली. मसुदा अजून परत आलेला नाही.